‘होता’ म्हणाला!

आमच्या घरात येशू स्वयंपाकघराच्या भिंतीवर राहायचा. बैठकीत जागा नव्हती असं नाही, पण तिथं बाबांच्या शाळेचे नकाशे होते आणि आईचं म्हणणं असं, की ज्याच्याशी दिवसभर बोलायचं तो हाताशी असलेला बरा. फोडणीच्या वाफेनं तसबिरीची काच कायम तेलकट. शनिवारी आई ती राखेनं घासायची आणि घासता घासता आठवड्याच्या तक्रारी सांगून टाकायची. “बापा, हापशाला पाणी न्हाई, मास्तर रातभर खोकून राह्यले, आन् ही पोरगी पुस्तकातून मान वर काढीत न्हाई. तूच बघ आता.” तो बघायचा की नाही, ठाऊक नाही. त्याचं उत्तर आलेलं मी तरी ऐकलं नाही. पण बोलून झालं की आईचा चेहरा हलका व्हायचा, आणि मला लहानपणी तेवढा देव पुरेसा होता. तो खरोखर होऊन गेला का, कोणी पाहिला, कोणी लिहून ठेवला, हे प्रश्न आमच्या घरात कोणाला पडले नव्हते. ते प्रश्न आमच्याकडे माझी सोयरीक घेऊन आली.

आमचं कंपाउंड अंबडहून वडीगोद्रीकडे जाताना हमरस्त्यापासून थोडं आत होतं. गोऱ्या मिशनऱ्यांनी बांधलेली आणि ते गेल्यावर कोणीच धड न शाकारलेली कौलारू घरं, मधोमध पत्र्याचं चर्च, आणि लिंबाच्या फांदीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तीच आमची घंटा. रविवारी रूळ वाजला की घरोघरी डोक्याला तेल थापायची घाई उडायची. ढोलकी, टाळ, पेटी आणि शमुवेल हवालदारांचा गळा मिळून जे भजन व्हायचं ते हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही ऐकू जायचं. नाताळला करंज्या आणि पुरणपोळ्या, मोठ्या कार्याला येसर घातलेलं मटण. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते रश्शात पडलं की वास पार चर्चच्या पायरीपर्यंत जातो. आमचे पूर्वज धर्म बदलून आले, पण येताना दोन गोष्टी विसरले नाहीत. एक येसराचा डबा आणि दुसरी पंचायत. ज्याच्या घरचा प्रश्न, त्यानंच पंचांना जेवू घालायचं, हा नियम शुभवर्तमानात कुठंही नाही. पण दहा आज्ञांकडे थोडी डोळेझाक करणारी आमची मंडळी या नियमाच्या बाबतीत फार कडक होती.

मी मॅट्रिक झाले आणि मला मिरजेकडे नर्सिंगला जागा मिळाली. बाबा कंपाउंडच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी स्वतः माझ्या पत्र्याच्या ट्रंकेला हिरवा रंग दिला आणि वर माझं नाव लिहिलं, एस्तेर. तो रंग वाळायच्या आत स्थळ आलं. डॅनिअल सर, जालन्याच्या एका कॉलेजात शिकवणारे, आमच्या लोकांतले पहिले एम.ए. असा मुलगा चालून आला म्हटल्यावर कंपाउंडातल्या बायका ओळीनं आईचं अभिनंदन करून गेल्या. मला कोणी विचारलं नाही. त्यात दुष्टपणा काही नव्हता. भाकरीला विचारून कोणी ती उलटत नाही, तसंच. नर्सिंगचं लग्नानंतर बघू, असं ठरलं. ‘लग्नानंतर बघू’ याचा अर्थ काय असतो ते मला कळत होतं. ट्रंक पलंगाखाली गेली आणि त्यात आईनं गोधड्या भरल्या. माणूस वाईट नव्हता. उंच, स्वच्छ कपड्यांचा, बोलायला लागला की ऐकत राहावं असा. फक्त तो बोलायला लागला की थांबत नसे.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. पाळक मुलामुलीचं नाव वाचतात आणि विचारतात, या विवाहास कोणाची हरकत आहे काय? हे विचारल्यावर सगळे क्षणभर छताकडे बघतात, कुठंतरी पोर रडतं, आणि पाळक पुढच्या गीताचा नंबर सांगतात. हरकत कधीच कोणाची नसते. पहिला रविवार तसाच गेला. दुसऱ्या रविवारी शमुवेल हवालदार उभे राहिले. निवृत्त झाले होते, तरी उभं राहताना टाचा जुळवायचे. “माजी हरकत हाय,” ते म्हणाले. “मुलगा येशूला मानीत न्हाई. मानीत न्हाई म्हणजे, येशू नावाचा माणूस झालाच न्हाई असं म्हणून राह्यला. जालन्यात भरसभेत बोलला. माझा साडू तिथं हजर व्हता.” चर्चमध्ये पंखे नव्हते म्हणून, नाहीतर तेही थांबले असते. हवालदारांच्या घरात लग्नाची मुलगी होती आणि डॅनिअल सरांच्या घरी ते आमच्याआधी दोनदा चहा घेऊन आले होते, ही गोष्ट सगळ्या कंपाउंडाला माहीत होती. पण तो विषय कोणी काढला नाही. विषय येशूचा होता.

पाळकसाहेब थकलेले आणि भले गृहस्थ. भांडण दिसलं की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी ठरवलं की पुढच्या रविवारी उपासनेनंतर सभा घ्यावी, डॅनिअल सरांनी आपलं म्हणणं मांडावं, मंडळीनं आपलं मांडावं, आणि पंचांनी निकाल द्यावा. तिसरी पुकार निकालानंतर. शिवाय औरंगाबादहून एक उपदेशक बोलवायचे, कारण आमच्याकडे ‘होता’ म्हणणारे पुष्कळ होते, पण ‘का होता’ हे सांगणारा कोणी नव्हता. आणि प्रश्न आमच्या घरचा असल्यामुळे जेवण आमच्याकडे. आईनं ते ऐकलं आणि फक्त येसराचा डबा हलवून पाहिला.

त्या आठवड्यात डॅनिअल सर दोनदा आले. मला वाटलं, पडेल चेहऱ्यानं येतील. कसलं काय, माणूस फुलून आला होता. आयुष्यभर ज्याला श्रोते मिळाले नाहीत त्याला अख्खं कंपाउंड मिळत होतं. बाबांसमोर बसून ते पोह्यांबरोबर पुरावे सांगायचे. येशूच्या हयातीत त्याच्याबद्दल एक ओळ कोणी लिहिलेली नाही. जे लिहिलं ते पुष्कळ वर्षांनी. एका शुभवर्तमानात जन्माला पूर्वेकडचे मागी ज्योतिषी येतात, दुसऱ्यात मेंढपाळ, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडत नाही. मेलेले आणि पुन्हा उठलेले देव त्याच्याआधीही पुष्कळ होते. बाबा हं हं करायचे. पाण्याचा तांब्या द्यायला मी बाहेर गेले तेव्हा सर अंगणात एकटे होते. मी म्हटलं, “होता म्हणून टाका ना. एक शब्द तर आहे. सगळं मिटेल.” ते माझ्याकडे पाहून हसले, हुशार विद्यार्थिनीकडे पाहावं तसे. “एस्तेर, प्रश्न सत्याचा आहे.” मला राग आला आणि थोडा आदरही वाटला, हेही सांगितलं पाहिजे. मी मनाशी म्हटलं, हा माणूस निदान एका गोष्टीसाठी उभा राहतोय. कोणत्या गोष्टीसाठी उभा राहत नाहीये, ते ध्यानात यायला पुढचा रविवार यावा लागला.

आता माझा भाचा मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवतो. कोट घातलेले दोन परदेशी गृहस्थ समोरासमोर बसून, येशू होता की नव्हता, यावर दीड तास भांडतात, खाली मराठीत अक्षरं सरकतात. मी मेथी निवडताना ते बघते. मोठे विद्वान आहेत, माझी काय टाप. बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं तो होता असं आहे, हेही मी त्यातूनच शिकले. पण बघताना मला दर वेळी एकच शंका येते, की यांच्या जेवणाची सोय कोणाकडे असेल.

सभेच्या दिवशी पहाटेपासून आमच्या मागच्या पडवीत तीन चुली पेटल्या. चर्चच्या व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या आणि तो व्हरांडा आमच्या पडवीला लागूनच, मध्ये फक्त कुडाची भिंत. त्यामुळे मला सभेचा शब्दन्‌शब्द ऐकू आला, भाकऱ्यांच्या थापांमधून. गर्दी एवढी की गावातूनही माणसं आली होती. करीमचाचा शिंपी आले होते, कारण नवरदेवाच्या कोटाचं कापड त्यांनी कापून ठेवलं होतं आणि त्यांचा जीव त्यात अडकला होता. ते दारातूनच म्हणाले, “ईसा अलैहिस्सलाम तो थेच. हमारी किताब में भी हैं. इसमें बहस काय की? जल्दी निकाल लावा मास्तर, मला बटनं लावायची हायेत.”

डॅनिअल सर बोलले ते सुंदरच बोलले. माझी आई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, “पोरगं हुशार हाय गं,” आणि पुन्हा थापायला लागली. मग हवालदार उठले. त्यांनी उलटतपासणीच सुरू केली.

“घटनेच्या येळी तुमी जागेवर हजर व्हते का?”

“नाही.”

“मंग तो नव्हता, हे कशावरून सांगून राह्यले?”

टाळ्या. सर म्हणाले, “हवालदार, तुम्ही तरी हजर होता का?” त्यावर हवालदार म्हणाले, “मला प्रश्न इचारायचा न्हाई, मी फिर्यादी हाय,” आणि त्यांनाही टाळ्या मिळाल्या. मग औरंगाबादचे उपदेशक. ते एका रोमन आणि एका यहुदी इतिहासकाराचं नाव घेऊन आले होते, पण कोणत्या पानावर काय आहे ते त्यांना सांगता येईना, कारण पुस्तक औरंगाबादलाच राहिलं होतं. शेवटी ते घाम पुसत म्हणाले, “अहो, सगळ्या जगाला ठाऊक आहे की तो होता! एवढं जग काय खुळं आहे?” तिथं डॅनिअल सरांचा आवाज असा चढला की चुलीतला जाळही मला ऐकू येईना. “सगळ्यांना ठाऊक असणं हा पुरावा नव्हे! सगळ्यांनी एकमेकांकडून ऐकलेलं असतं. प्रत्यक्ष त्या माणसाच्या तोंडून कोणी ऐकलं, ते दाखवा. नसेल तर दंतकथा म्हणा आणि मोकळे व्हा!”

ऊन कलायला लागलं. मटण केव्हाच शिजलं होतं. येसर पडलं, वास व्हरांड्यात पोचला, आणि धर्मशास्त्रातला रस मंडळींमधून कमी कमी होत गेलेला मला कुडाच्या अलीकडे कळला. पोटात कावळे ओरडायला लागले की माणसं सबुरीनं बोलायला लागतात. पाळकसाहेबांनी अंदाज घेतला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “डॅनिअल, बाळा, एवढंच सांग. येशू नावाचा एखादा माणूस त्या मुलखात होऊन गेला असेल, इतकं तरी तुला पटतं का?”

सर म्हणाले, “तसा असेल. एखादा सुतार, चार माणसं जमवणारा, सरकारनं सुळावर दिलेला. बाकीचं लोकांनी मागाहून चढवलं. पण माणूस होता, असं म्हणायला माझी हरकत नाही.”

“होता म्हणाला!” कोणीतरी ओरडलं. आणि मग सगळेच. “होता म्हणाला! होता म्हणाला!” ढोलकी वाजली, टाळ वाजले, उपदेशकांनी डोळे मिटून प्रार्थना केली, करीमचाचांनी “चला, बटनं!” म्हणून घरचा रस्ता धरला. आठवडाभर ही माणसं एका शब्दासाठी अडून बसली होती, त्यांना तो शब्द मिळाला. आपल्या देवाला त्याच वाक्यात साधा सुतार करून टाकलं, त्याचं मरणातून उठणंबिठणं सगळं पुसून टाकलं, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. बाबांच्या आलं असावं. मी कुडाच्या फटीतून पाहिलं तर त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. पण बाहेर मंडळी हात धुवायला उठली होती आणि घरात लग्नाची पोरगी होती. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ते पंगतीची पानं मांडायला गेले.

पंगती बसल्या. पहिली पंगत जेवत असताना डॅनिअल सर मागच्या दारानं आमच्या पडवीत आले. चेहरा विजयाचा. आईला नमस्कार केला आणि चुलीसमोर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “कसा बोललो मी?”

सकाळपासून माझे हात भाजत होते. मी म्हटलं, “छान बोललात. एक विचारू? या लग्नाला मी हो म्हटलंय, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

ते गोंधळले. “म्हणजे? मास्तरांनी.”

“बाबांना कोणी सांगितलं?”

“अगं, तुझ्या आईनं सांगितलं असेल.”

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “मला ह्यांनी सांगितलं.” आणि भाकरी उलटली.

“माझ्या तोंडून ऐकलेला कोणी आहे का?” मी विचारलं.

सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “एस्तेर, असं काय करतेस? सगळ्यांना ठाऊकच आहे की!”

हे वाक्य बाहेर पडलं आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. माणूस हुशार होता, ते मी कधीच नाकारलं नाही. त्यांच्या कपाळावरच्या शिरा मला दिसल्या. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याहून जास्त मला आतून असं काहीतरी सुटल्यासारखं झालं, की मला उठून नाचावंसं वाटत होतं. बाहेर “रस्सा आणा” म्हणून आवाज चालले होते. सर अगदी वेगळ्या, साध्या आवाजात म्हणाले, “चुकलं माझं. मग आता विचारतो. माझ्याशी लग्न करशील?”

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी काही विचारलं होतं. मी पदराला हात पुसले, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “न्हाई. मला मिरजेला जायचंय.”

पुढचं सगळं गडबडीचं झालं. पाळकसाहेबांना पुन्हा घाम फुटला, पंच दुसऱ्या पंगतीच्या भातावर असताना मध्येच उठले, बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं ट्रंकेतल्या गोधड्या काढून पलंगावर टाकल्या आणि तसबिरीकडे पाहत म्हणाली, “बापा, मास्तरला सांग, एसटी सकाळी लवकर असते.” बाबांनी मला स्टँडवर पोचवलं. खिडकीतून माझा हात धरून उभे राहिले आणि गाडी हलल्यावरच सोडला. डॅनिअल सरांनी वर्षाच्या आत हवालदारांच्या मुलीशी लग्न केलं. तिन्ही पुकारा शांततेत पार पडल्या. त्या वेळी येशू होता की नव्हता, हे हवालदारांनी विचारलं नाही.

मिरजेनंतर कितीतरी दवाखाने झाले. नोकरी संपवून मी जालन्यात परत आले, आणि आता कंपाउंडात वर्षातून एकदा सुगीच्या उपासनेला जाते. ओळखीची माणसं बहुतेक गेली. गेल्या सुगीला एक तरुण उपदेशक आले होते, कानाला माइक लावलेला, मागं पडद्यावर चित्रं. ते म्हणाले, याच भूमीवर एक चमत्कार घडला. रिबेका नावाची एक अनाथ मुलगी होती. एक नास्तिक प्राध्यापक तिच्याशी लग्न करायला आला. ती चुलीपाशी रडत असताना ज्वाळेतून प्रभूची वाणी झाली, ‘मुली, नाही म्हण.’ ती नाही म्हणाली, आणि त्या क्षणी प्राध्यापकाची वाचा गेली.

माझ्या पुढच्या बाकावरची बाई डोळे पुसत होती. मी काठी टेकून उभी राहिले. “अहो साहेब,” मी म्हटलं, “ती मुलगी मीच. अनाथ नव्हते, आई शेजारीच बसली होती. वाणीबिणी काही झाली नाही, मीच म्हणाले. आणि वाचा कसली जाते, ते पुढं कितीतरी वर्षं बोलत होते.”

सगळी मंडळी माझ्याकडे वळून पाहायला लागली. उपदेशक फार प्रेमळ होते. ते मंचावरून खाली आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला हळूच बाकावर बसवलं.

“बसा आजी,” ते माइकमध्ये म्हणाले. “ती बहीण तर केव्हाच प्रभूत झोपली. धन्य तिची स्मृती.”

मंडळी मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाली. आणि सवयीनं माझ्याही तोंडून गेलं.